पावसाळा लागला की ड्रॅगन उपाशी: कोल्हापूरच्या दमट हवेत बिअर्डेड ड्रॅगनची पेटी

तक्रार दरवर्षी तीच असते. मृगाचा पाऊस पडून जातो, आठवडाभर सूर्यदर्शन नसतं, आणि मे महिन्यापर्यंत समोर येईल तो क्रिकेट, म्हणजे खाद्याचा रातकिडा, मटकावणारा बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा खाण्याकडे बघायचंच सोडतो. कधी दिवसभर दगडाला चिकटून असतो, कधी थंड कोपऱ्यात तोंड खुपसून. अंगाचा पिवळा-तांबूस रंग मळकट होतो, पोटावर गडद रेघोट्या उमटतात, चार-पाच दिवस शी होत नाही. मग घरात उपाय सुरू होतात: खाद्य बदला, कोमट पाण्यात बसवा, तोंड उघडून भरवा, कुणीतरी सांगितलेलं जंताचं औषध द्या. गणपती-नवरात्र कसंबसं निघतं, ऑक्टोबरच्या उन्हात प्राणी आपोआप खायला लागतो आणि औषधाचा गुण आला असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या जूनला पहिले पाढे पंचावन्न.

अशा पेट्या बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी खोट प्राण्यात सापडत नाही, पेटीत सापडते. आणि ती पावसाळ्यात आलेली नसते, बारा महिने तिथेच असते. उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांना असते, त्यामुळे दिवा कमी पडतोय हे कळत नाही. रोज सकाळी अर्धा तास ड्रॅगन गच्चीवर फिरतो, त्यामुळे यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब निकामी झाली तरी कळत नाही. म्हणजे पेटीची अर्धी नोकरी गच्ची करत असते. जूनमध्ये गच्ची बंद झाली की सगळा भार पेटीवर येतो आणि ती उघडी पडते. म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी पेटी तपासायची, आणि ठरावीक क्रमाने तपासायची: आधी उष्णता, मग हवा, मग यूव्हीबी, शेवटी खाणं. बरेच जण नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतात.

पण त्याआधी प्राणी नीट बघा

नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाबरोबर टिकटिक वा शिट्टीसारखा आवाज, दिव्यापासून लांब असतानाही मान वर ताणून तोंड उघडं ठेवणं, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. जबडा दाबल्यावर रबरासारखा लवणं, चालताना बोटं थरथरणं, पाय वाकणं म्हणजे हाडांतलं कॅल्शियम उतरलंय. कात टाकल्यावरही न जाणाऱ्या पिवळट-तपकिरी खपल्या बुरशीच्या असू शकतात, आणि ती बुरशी साधीसुधी नसते. यांतलं एक जरी दिसलं तर पेटीशी खेळत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर आपल्याकडे चिक्कार. सरड्याला हात लावलेला शोधावा लागतो. तो शोध मे महिन्यात करून नंबर लिहून ठेवलेला बरा.

दिव्याखाली बसून तोंड उघडलं असेल तर मात्र काळजी नको. अंग पुरेसं तापलं की ड्रॅगन तसं करतोच. उलट, पावसाळ्यात तो दिव्याखाली तासन्‌तास बसूनही कधीच तोंड उघडत नसेल, तर उष्णता कमी पडतेय हे लक्षात घ्या.

दगड किती तापतोय?

बिअर्डेड ड्रॅगन मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, निमवाळवंटी मुलखातला. तिथे तो सकाळी खडकावर किंवा कुंपणाच्या खांबावर बसून अंग तापवतो, मग शिकारीला निघतो. इथले ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेले असले तरी शरीर त्याच मुलखाचं राहिलंय. पोटातलं अन्न पचवायला त्याला बाहेरून उष्णता लागते. ती मिळाली नाही तर तो खाणं थांबवतो, आणि तेच शहाणपणाचं आहे, कारण थंड पोटात पडलेलं अन्न पचत नाही, कुजतं. म्हणूनच बळेच भरवू नका.

मोठ्या ड्रॅगनसाठी बास्किंगच्या, म्हणजे अंग शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा. पिल्लांसाठी याच आकड्यांचं वरचं टोक धरा. दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २८ अंश. रात्री २० पर्यंत उतरलं तरी निरोगी मोठ्या ड्रॅगनला काही होत नाही.

आता तुमच्याकडचं माप कशाने घेतलंय ते सांगा. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर असेल तर तो काढून टाका. तो काचेचं तापमान सांगतो, दगडाचं नाही. लागतो तो इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे गन. कोल्हापूरकरांना ही वस्तू नवी नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कुणी ओळखीचं असेल तर दोन दिवसांसाठी उसनी मिळेल. काच सरकवून, आत हात घालून दगडावर रोखायची. काचेतून मारली तर पुन्हा काचेचंच तापमान दिसणार. चकचकीत स्टीलवरही ती खोटं बोलते. दिवा लागून दीड तास झाल्यावर मोजा, आणि ड्रॅगन रोज जिथे पोट टेकतो नेमकी तीच जागा मोजा.

पावसाळ्यात ही गन ३१-३२ दाखवते आणि मालकाला धक्का बसतो, कारण एप्रिलमध्ये त्याच दिव्याखाली ४० होतं. दिवा तोच आहे. खोली दहा अंशांनी उतरलीय, त्याबरोबर दगडही उतरला. हे एवढं साधं गणित बऱ्याच आजारांच्या मुळाशी असतं.

उपाय म्हणून लोक एकच मोठा दिवा लावतात, शंभराच्या जागी दीडशे वॅट. मला ते पटत नाही. एका दिव्याचा झोत अरुंद असला तर पाठीचा एक ठिपका भाजतो आणि उरलेलं अंग गारच राहतं. ५० ते ७५ वॅटचे दोन हॅलोजन स्पॉट शेजारी शेजारी लावा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अख्खा ड्रॅगन उबेत आला पाहिजे. होल्डर चिनी मातीचा घ्या. साधा बॅकेलाइटचा होल्डर या उष्णतेने ठिसूळ होतो आणि एक दिवस दिवा हातात येतो. दिवे पेटीच्या आत असतील तर भोवती तारेची जाळी हवीच, ड्रॅगन उडी मारून दिव्याला लटकतो.

दगड म्हणून कडाप्पा उत्तम. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्याकडे कापून उरलेला तुकडा मागितला तर बहुधा फुकट मिळतो. काळा असल्याने तापतो लवकर, धरूनही ठेवतो, आणि त्यावर घासून नखंही झिजतात. तुकडा जाड असेल तर थोडं उचलून दिव्याजवळ आणता येतं, पण मग गन घेऊन पुन्हा मोजायचं. विजेवर तापणारे दगड आणि खाली घालायच्या चटया मात्र नकोत. ड्रॅगन उष्णता वरून ओळखतो. पोट भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही.

एक तपासणी फार कमी लोक करतात: व्होल्टेज. मल्टिमीटर घेऊन सकाळी आणि संध्याकाळी सॉकेटला मोजा. २३० च्या जागी २०० येत असेल, तर फिलामेंटच्या दिव्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटलेली असते. शंभरचा दिवा ऐंशीचा झाला. डोळ्यांना फक्त थोडा पिवळसर वाटतो. उपनगरातल्या नव्या वस्त्यांत, अपार्टमेंटच्या पाण्याची मोटर सुरू झाली की हे हमखास दिसतं. टीव्ही-फ्रीजचा जुना स्टॅबिलायझर घरात पडलेला असतो, तो इथे कामाला येतो.

हॅलोजनवर नियंत्रण ठेवायचं तर डिमर पद्धतीचा, म्हणजे दिवा मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट वापरा. अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो चालू-बंद करणारा स्वस्त थर्मोस्टॅट सिरॅमिक हीटरला (उजेड न देता नुसत्या तापणाऱ्या) चालतो, दिव्याला नाही. दिवसभर दिवा उघडमीट करत राहिला तर प्राणी बिचकतो आणि दिवाही लवकर उडतो.

दमटपणाचा काटा कुठे टांगलाय?

इंटरनेटवर वाचलेलं असतं की बिअर्डेड ड्रॅगनला आर्द्रता ३० ते ४० टक्के हवी. जुलैत कोल्हापुरात घरातला काटा ८५-९० दाखवतो. मग घबराट, आणि घबराटीत दोन चुकीच्या गोष्टी होतात. काही जण दमट हवा आत येऊ नये म्हणून पेटीच्या फटी टेप लावून बंद करतात. काही जण बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पेटीत टाकतात. पहिल्याने पेटी कोंदट होते. दुसऱ्याने काहीच होत नाही. उघड्या पेटीत सतत नवी हवा येते आणि पुड्या तासाभरात भरून जातात. शिवाय पिल्लू ती पुडी चावू शकतं.

सापेक्ष आर्द्रता तापमानाला बांधलेली असते. पाणी तितकंच ठेवून हवा तापवली की टक्केवारी आपोआप खाली येते. हिशेब करून बघा: बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आहे. तीच हवा पेटीत येऊन ३२ अंशांना गेली तर आर्द्रता साधारण ५६ टक्के होते. दिव्याजवळ ३८ अंशांना तीच हवा ४० टक्क्यांवर येते, एक थेंबही न काढता. थंड टोकाला २६ अंश असेल तर तिथे ८० च्या आसपास दिसेल. म्हणजे एकाच पेटीत ४० आणि ८० दोन्ही आकडे खरे असू शकतात. काटा थंड बाजूला टांगून ‘८० टक्के आहे, मेला आता’ असं म्हणण्यात अर्थ नाही. प्रोब असलेला डिजिटल मीटर घ्या. दोन घेतलेत तर उत्तम. एक गरम बाजूला दगडाच्या उंचीवर, एक थंड बाजूला.

गरम बाजूला दिवसा ५० च्या खाली आकडा येत असेल तर जुलै-ऑगस्टपुरतं मी समाधान मानतो. ड्रॅगनला दिवसातले काही तास खरी कोरडी जागा मिळाली, की थंड बाजूचे ७५-८० तो सहन करतो. धोका कुठे आहे? चोवीस तास दमट, गार आणि न हलणाऱ्या हवेत. म्हणून हवा कोरडी करायच्या मागे लागण्यापेक्षा ती तापवा आणि हलती ठेवा.

रात्रीचं काय? दिवे विझले की पेटी खोलीच्या तापमानाला येते आणि काटा ९० ला. इथे थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर २५-२६ अंशांना लावला तर दुहेरी फायदा. प्रकाश नसल्याने झोप मोडत नाही, आणि आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ नको. तो रंग ड्रॅगनला दिसतो. हीटर स्वतः भयंकर तापतो, त्यालाही जाळी हवी.

पेटीतलं पाणी कमी करणं हा बिनखर्चाचा उपाय. पसरट पाण्याची वाटी दिव्याखाली असेल तर ती दिवसभर वाफ सोडतेय. लहान वाटी घ्या, थंड कोपऱ्यात ठेवा. फवारणी बंद. भाजी धुऊन झटकून, फडक्याने पुसून द्या. तळाला नारळाचा भुसा किंवा कोकोपीट असेल तर ते पावसाळ्यात काढाच. पाणी धरून ठेवणं हाच त्याचा धंदा आहे. नदीची वाळूही नको. खरबरीत फरशी किंवा शहाबादी सगळ्यात सोयीची, ओल्या फडक्याने पुसली की झालं. पिल्लांना वर्तमानपत्र पुरतं.

आठवड्याला एखादी कोमट पाण्याची अंघोळ चालेल, पण ओल्या अंगाने पेटीत सोडू नका. पंजांच्या बेचक्या आणि दाढीखालचा भाग टिपून घ्या.

माशांची टाकी, प्लायची पेटी

बरेच ड्रॅगन माशांच्या टाकीत राहतात, कारण दुकानात तीच मिळते. टाकी चारही बाजूंनी बंद, वर जाळी. गरम हवा वरून निघून जाते, खाली गार दमट हवा साचते. दिव्याची निम्मी मेहनत छताला ऊब देण्यात जाते. जाळीचा अर्धा भाग, थंड बाजूचा नव्हे तर दिव्याशेजारचा, फायबर सिमेंटच्या पत्र्याच्या तुकड्याने किंवा फरशीने झाकून बघा. दिव्याला चिकटेल असं मात्र काही ठेवू नका. अशा झाकण्याने उष्णता आत राहते. बाहेरून दोन बाजूंना थर्माकोल लावला तर तापमान आणखी टिकतं. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, पण एक पावसाळा निघतो.

पक्का इलाज म्हणजे समोरून सरकत्या काचा असलेली लाकडी पेटी: १२० सेंमी लांब, ६० खोल, ६० उंच, म्हणजे सुताराच्या भाषेत चार बाय दोन बाय दोन. एवढी लांबी हौस म्हणून नाही. यापेक्षा आखूड पेटीत एक टोक ४० आणि दुसरं २६ ठेवताच येत नाही. दिवा लावला की सगळी पेटी एकसारखी तापते आणि प्राण्याला निवड उरत नाही.

सुताराला तीन गोष्टी बजावून सांगा. प्लाय मरीन किंवा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचा, १८ मिमी. एमडीएफ आणि भुशाचा बोर्ड आपल्या पावसाळ्यात फुगतो, सांधे सुटतात आणि फटीत बुरशी धरते. आतून पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी उघडी ठेवायची. पावसाळ्यात याला फार वेळ लागतो, म्हणून पेटी एप्रिलमध्येच करून घ्या. तिसरी गोष्ट हवेची वाट. थंड बाजूला तळाशी एक जाळीचा झरोका, गरम बाजूला वरच्या अंगाला दुसरा. गरम हवा वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालून नवी येते. तत्त्व धुराड्याचं. दोन्ही झरोके एकाच उंचीवर पाडले तर हे होत नाही, आणि सुतार हमखास तेच करतो, कारण ते दिसायला बरं दिसतं.

वारा तरीही कमी वाटला तर वरच्या झरोक्याला बाहेरून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावा, आतली हवा बाहेर ओढणारा, हळू फिरणारा. आत हवा फेकणारा नको. पंखा लावल्यावर दगड पुन्हा मोजा, दोन-तीन अंश उतरलेले असतात.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जुन्या पेठांतल्या जाड दगड-मातीच्या भिंती ऑगस्टमध्ये पाझरतात. चार बोटं अंतर सोडा, आणि जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आपली फडताळाची जुनी रीत इथेही उपयोगी पडते. पावसात लाल मुंग्या क्रिकेटच्या वासाने वर चढतात, आणि झोपलेल्या पिल्लाला त्या सोडत नाहीत.

ट्यूब जळतेय, यूव्हीबी येतंय का?

हे डोळ्यांना कळत नाही, त्यामुळेच फसगत होते. यूव्हीबी ट्यूबचा पांढरा उजेड दोन-तीन वर्षं टिकतो, यूव्हीबी त्याच्या फार आधी संपतं. जुन्या जाड टी-८ ट्यूब सहा महिन्यांनी आणि टी-५ हाय आउटपुट साधारण वर्षाने बदलायच्या असं धरून चाला. ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये बदलली तर सगळ्यात कठीण चार महिने नव्या ट्यूबवर जातात.

काच यूव्हीबी अडवते, पारदर्शक प्लास्टिकही. म्हणून खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या टाकीला काहीही मिळत नाही. वरून ती टाकी भट्टी होते. बारीक जाळी एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त यूव्हीबी खाऊ शकते. १० ते १२ टक्के यूव्हीबीची टी-५ ट्यूब, रिफ्लेक्टरसह, जाळीवर ठेवली असेल तर दगडावर बसलेल्या ड्रॅगनच्या पाठीपासून २५ ते ३० सेंमी, आणि मध्ये जाळी नसेल तर ४० सेंमीच्या आसपास. ट्यूबच्या डब्यावर अंतराचा तक्ता असतो, शेवटचा शब्द त्याचा. मीटर मिळाला तर पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स ३ ते ५ बघा. मीटर महाग आहे. चार पाळणाऱ्यांनी मिळून एक घेतला तर सगळ्यांचं भागतं.

ट्यूब दिव्याच्याच बाजूला हवी, पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची. कातडीत यूव्हीबीने जे तयार होतं त्याचं डी-३ जीवनसत्त्वात रूपांतर व्हायला उष्णताही लागते. थंड टोकाला ट्यूब आणि गरम टोकाला दिवा अशी वाटणी केली तर दोन्ही वाया. जांभळा उजेड देणारे स्वस्त ‘यूव्ही’ एलईडी बल्ब यात धरूच नका. छोटे पिळाचे बल्बही चार फुटी पेटीत अपुरे.

आणि उजेड म्हणजे साधा उजेडही लागतो. आषाढात दुपारी दोनला घरात संध्याकाळ असते. ड्रॅगन डोळ्यांनी जगणारा प्राणी आहे. अंधारलेल्या पेटीत तो झोपूनच राहणार. ६५०० केल्व्हिनची साधी एलईडी ट्यूब जोडीला लावा आणि सगळे दिवे टायमरवर १२ ते १३ तास ठेवा. ‘दिवसा कशाला लाइट’ म्हणून कुणीतरी जाता-येता बटण बंद करतं, घरातल्या ज्येष्ठांशी त्यावर एकदा बोलून घ्या.

खाणं आणि धूर

उष्णता सुधारल्यावर खाणं दोन-चार दिवसांत परत येऊ लागतं. दिवा लागल्यावर तास-दीड तासाने पहिलं खाणं, आणि दिवे बंद व्हायच्या दोन तास आधी शेवटचं. मोठ्या ड्रॅगनचं पोट मुख्यतः पाल्यावर: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, गवार, जास्वंदीची फुलं. लसूणघास जनावरांच्या चाऱ्यात मिळतो, कोवळे शेंडे चांगले. पालक आणि माठ नेहमी नकोत, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. पिल्लांना किडे जास्त, त्यांवर कॅल्शियमची पूड.

किडे बाहेरून पकडून आणायचा मोह पावसाळ्यात वाढतो, कारण ते फुकट मिळतात. उसाच्या रानातले नाकतोडे औषध फवारलेले असू शकतात. दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडेही कुठून आले ते माहीत नसतं. आणि काजवा तर कधीही नाही. मे-जूनमध्ये राधानगरी-दाजीपूरकडे काजवे बघायला जाणारे एखादी डबी भरून घरी आणतात. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगातलं विष एका काजव्यात मोठा ड्रॅगन मारू शकतं. आपल्याकडचे किती विषारी आहेत याची परीक्षा आपल्या प्राण्यावर घ्यायची गरज नाही.

क्रिकेटची बरणीही दमटपणाला बळी पडते. ओला स्पंज काढा, पाण्यासाठी गाजराचा काप टाका आणि रोज बदला. मीलवर्म या खाद्याच्या अळ्या ठेवलेल्या कोंड्याला बुरशीचा वास आला तर सगळा फेका, चाळून वाचवू नका.

पावसाळ्यात घरात धूर वाढतो, हे पाळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. डासांची कॉइल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, संध्याकाळची धुरी. कॉइल आणि प्लगला लावायची बाटली दोन्ही कीटकनाशकंच आहेत. खोलीत लावली की क्रिकेट आधी मरतात. ड्रॅगनच्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

लाइट गेल्यावर, पाणी चढल्यावर

दोन-तीन तास वीज गेली तर मोठ्या ड्रॅगनला काही होत नाही. त्या वेळात खायला घालू नका आणि पेटी उघडझाप करू नका, एवढंच. इन्व्हर्टरवर जोडायचंच असेल तर यूव्हीबी ट्यूब आणि एलईडी जोडा. दोन हॅलोजन लावले तर बॅटरी लवकर बसते आणि घरच्यांचा पंखाही जातो. वीज दिवसभर नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, प्राण्याला दुसरीकडे सरकायला जागा सोडून.

पूर वेगळी गोष्ट. २००५, २०१९, २०२१ बघितलेल्यांना सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर अशा सखल भागात राहत असाल तर ३९ ची बातमी आली की ड्रॅगन हलवायची तयारी करा, ४३ ची वाट बघू नका. चार फुटी पेटी ऐन वेळी जिन्यातून वर चढत नाही. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत टॉवेल, एक सिरॅमिक होल्डर, एक दिवा, टायमर आणि ट्यूब, एवढं वेगळं बांधून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला महामार्ग बंद पडला तेव्हा पार्सलही बंद झाली होती. क्रिकेट बाहेरगावाहून मागवत असाल तर वाळवलेल्या अळ्यांचा एक डबा शिल्लक हवा. मोठा निरोगी ड्रॅगन आठवडाभर पाल्यावर निभावतो.

खरेदीची पावती त्याच डब्यात ठेवा. स्थलांतराच्या गर्दीत कुणीतरी ‘घोरपड घेऊन चाललाय’ म्हणून ओरडणारच. घोरपड बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वनरक्षकाला सरड्यांच्या जाती समजावत उभं राहण्याची ती वेळ नसते.

एवढं करूनही खात नसेल तर

दगड ४० अंश, गरम बाजूची आर्द्रता ५० च्या खाली, नवी ट्यूब योग्य अंतरावर, असं सलग दहा दिवस ठेवूनही खाणं सुरू झालं नाही, तर आता पेटीवरचा संशय सुटला. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे तपासायला द्या. कॉक्सिडिया आणि पिनवर्म हे आतड्यातले परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि कोणतं औषध, किती, हे वजनावर ठरतं. ‘गेल्या वर्षीचं उरलंय ते देऊ का’ याचं उत्तर नाही असंच आहे.

मोठा, धष्टपुष्ट ड्रॅगन झोपाळला असेल, वजन उतरत नसेल आणि शी तपासून स्वच्छ निघाली असेल, तर तो सुस्तावस्थेत, म्हणजे सरड्यांच्या हिवाळी झोपेत, गेला असण्याची शक्यता असते. आपल्याकडे ती जास्त करून डिसेंबर-जानेवारीत येते, पण गार आणि अंधाऱ्या पावसाळ्यातही काही जण जातात. ओळखायची खूण वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी सकाळी वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. सुस्तीतला ड्रॅगन महिनाभरातही फारसा उतरत नाही. आजारी असेल तर दोन-तीन आठवड्यांत दहा टक्के घट दिसते, आणि तेवढी दिसली की पुढच्या रविवारची वाट न बघता निघायचं. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर सुस्तीचा विचारच करू नका. ते तीन दिवस उपाशी राहिलं तरी डॉक्टरांना दाखवा.